फोन म्हणतो घर ४७८ वर, अलमट्टी ५१९ वर... मग आपण बुडालोय का?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला सांगलीच्या आतेभावाचा मेसेज आला. सोबत एका जीपीएस अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, त्यात मोठ्या आकड्यात ४७८ मीटर. खाली लिहिलेलं, "दादा, हे बघ की. आपलं घर ४७८ वर हाय आणि अलमट्टीत पाणी ५१९ पर्यंत भरतात म्हणं. म्हंजे आपण आत्ताच चाळीस मीटर खाली. बुडालोच म्हण."

आतेभाऊ काही अडाणी नाही, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, वर्कशॉप चालवतो. हिशोबही त्याने बरोबरच केला होता. फक्त त्याने वजा केलेले दोन आकडे एका जागेपासून मोजलेलेच नव्हते. त्याला फोनवर अर्धा तास समजावलं, तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं, कारण हाच गोंधळ ट्रेकवाल्यांचा होतो, ड्रोनवाल्यांचा होतो आणि रोव्हर (पोलवर लावलेला, सेंटीमीटरपर्यंत मोजणारा जीपीएस) घेऊन मोजणीला जाणाऱ्या पोरांचाही होतो. माझाही झालाय, ते पुढे सांगतो.

आधी त्या ५१९ चं बघू

अलमट्टी म्हणजे सांगलीच्या खालच्या बाजूला, कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण. त्याचा ५१९.६० मीटर हा आकडा म्हणजे धरणाच्या भिंतीची उंची नव्हे, तो पाण्याच्या पातळीचा आहे आणि तो समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे. भिंत स्वतः नदीपात्रापासून साधारण पन्नास मीटरची. बातमीत "धरणाची उंची ५२४ मीटर करणार" असं छापून येतं आणि लोकांना वाटतं अर्धा किलोमीटर उंच भिंत उभी राहतेय की काय. २०१० साली कृष्णा पाणीतंटा लवादाने ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवायला कर्नाटकाला परवानगी दिली, महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे कारण सांगली-कोल्हापूरच्या पुराची भीती, आणि हा सगळा वाद पाण्याच्या ४ मीटर ६५ सेंटीमीटरचा आहे.

आता गंमत बघा. वाद साडेचार मीटरचा आणि भावाच्या फोनातला आकडा चुकतोय सत्तर मीटरने. तोही फोन बिघडलाय म्हणून नाही. फोनने त्याला विचारलं तेच सांगितलं, फक्त प्रश्न वेगळा होता.

कुठून मोजायचं, हाच खरा सेटिंगचा प्रश्न

गावाकडे विहिरीचं पाणी किती खोल आहे असं विचारलं की म्हातारा माणूस उलट विचारतो, कठड्यापासून का जमिनीपासून? बरोबर आहे त्याचं. कठडा अडीच-तीन फुटांचा असतो आणि दोर विकत आणायचा असतो. उंचीचंही तेच, उंचीला शून्य लागतो, आणि शून्य कुठे धरला ते सांगितल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नाही.

पुराच्या दिवसांत आपण रोज तीन-तीन शून्य वापरतो आणि आपल्याला कळतही नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाला हेच ४० आणि ४५. हे फूट त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीवरचे, तिथल्या शून्यापासूनचे. राजारामचे ४३ आणि आयर्विनचे ४५ वजा करून "सांगलीला दोन फूट जास्त पाणी" असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर लोक हसतील. अलमट्टीचे मीटर समुद्रसपाटीपासूनचे. आणि फोनातल्या अ‍ॅपचे मीटर? ते तिसऱ्याच ठिकाणापासूनचे.

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, लहानपणी गाडी थांबली की ती वाचायचा नाद होता. ती उंची, धरणांची उंची, कळसूबाईचे १६४६ मीटर, सगळं या एकाच कुटुंबातलं. आपल्याकडे या समुद्रसपाटीला पद्धतशीर पाया आहे. कराची, मुंबईचं अपोलो बंदर, कारवार, कोचीन, मद्रास अशा नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षं नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढली, तिथून लेव्हल घेत घेत देशभर दगड बसवले आणि १९०९ मध्ये ते जाळं पक्कं केलं. जुन्या पुलांवर, सरकारी बंगल्यांच्या पायरीवर कधी कोरलेला बाण आणि बीएम अशी अक्षरं दिसली तर ते अशाच एखाद्या बेंचमार्कचं काम असू शकतं.

उपग्रहाला समुद्र दिसत नाही

जीपीएसचा रिसीव्हर काय करतो तर वीसेक हजार किलोमीटर वरून फिरणाऱ्या उपग्रहांपासून आपण किती लांब आहोत ते सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरून काढतो. असे किमान चार उपग्रह मिळाले की पृथ्वीच्या केंद्राच्या हिशोबाने आपण नेमके कुठे ते त्याला कळतं. इथपर्यंत समुद्राचा काही संबंधच आलेला नाही. त्याला जुहू चौपाटी आणि जत तालुका सारखाच.

पण "तुम्ही पृथ्वीच्या केंद्रापासून ६३ लाख ७७ हजार मीटरवर आहात" असं कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून शून्य धरायला एक गुळगुळीत आकार घेतलाय. वरून-खालून किंचित दाबलेली मोसंबी समजा. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर आणि ध्रुवापाशी साधारण २१ किलोमीटर कमी. या मोसंबीचं नाव डब्ल्यूजीएस ८४, आणि अशा आकाराला इलिप्सॉइड म्हणतात. रिसीव्हर मुळात जी उंची काढतो ती या मोसंबीच्या सालीपासूनची. हा आकार गणिताने आखलेला आहे, प्रत्यक्षात तिथे ना जमीन ना पाणी. हिशोबाला सोपा म्हणून घेतला, बस.

आणि समुद्रसपाटी सपाट नाहीये

आता असं समजा की समुद्राच्या लाटा, वारा, भरती-ओहोटी सगळं थांबवलं, आणि त्या शांत पाण्याचा एक पाट जमिनीखालून खणत आणला, कोकणातून, घाटाच्या पोटातून, थेट सांगलीपर्यंत. पाटातलं पाणी जिथे स्थिर उभं राहील ती सांगलीची समुद्रसपाटी. सगळ्या पृथ्वीखाली असे पाट काढले तर जो आकार मिळेल त्याला जिऑइड म्हणतात. हा शब्द एवढा एकदा लक्षात ठेवा, सेटिंगमध्ये तोच दिसणार आहे.

हा आकार मोसंबीसारखा गुळगुळीत नाही, बटाट्यासारखा आहे. पृथ्वीच्या पोटात सगळीकडे माल सारखा भरलेला नाही, जिथे जड आहे तिथे पाणी ओढलं जाऊन फुगतं, जिथे हलका आहे तिथे बसतं. आणि जगातला सगळ्यात खोल बसलेला भाग कुठे आहे? आपल्याच अंगणात. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रसपाटी त्या मोसंबीच्या सालीपेक्षा १०६ मीटर खाली आहे. २०२३ मध्ये बेंगळुरूच्या आयआयएससीच्या शास्त्रज्ञांनी याचं कारण खोलवरून वर येणाऱ्या गरम, हलक्या खडकाशी जोडलं तेव्हा "समुद्रात गुरुत्वाकर्षणाचं भोक" अशा बातम्या फिरल्या होत्या, आठवत असेल. भोकबिक काही नाही, जहाज त्यावरून गेलं तर कॅप्टनला पत्ताही लागत नाही, कारण पाणी तिथे सपाटच वाटतं, ओळंबाही त्याप्रमाणेच लटकतो.

त्या खड्ड्याचा उतार भारतभर पसरलाय. दिल्लीला फरक पन्नासच्या थोडा पुढे, मुंबईत साठ-पासष्ट, सांगली-कोल्हापूरकडे सत्तरच्या आसपास, चेन्नईला ऐंशी-नव्वद. सगळीकडे उणे, म्हणजे समुद्रसपाटी सालीच्या खाली. म्हणून गिरगाव चौपाटीवर पाण्यात पाय बुडवून उभं राहिलात तरी काही अ‍ॅप्स उणे साठ दाखवतात आणि मग "मुंबई समुद्राच्या साठ मीटर खाली गेली" असे फॉरवर्ड येतात. मुंबईचे बाकी प्रश्न खूप आहेत, हा त्यातला नाही.

भावाच्या घराचं गणित आता सोपं. ४७८ ही सालीपासूनची उंची, समुद्रसपाटी सालीच्या सत्तर मीटर खाली, म्हणजे समुद्रसपाटीपासून घर ५४८ च्या जवळपास. अलमट्टीच्या पूर्ण भरलेल्या पाण्यापेक्षा अठ्ठावीस मीटर वर. सांगलीला हे जुळतं.

बरं मग सेटिंगमध्ये काय करायचं

अ‍ॅपच्या किंवा रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये उंचीचा विभाग शोधा, तिथे बहुतेक इलिप्सॉइड आणि एमएसएल असे पर्याय असतात. एमएसएल म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. काही ठिकाणी तेच "जिऑइड करेक्शन" किंवा "ईजीएम ९६" नावाने दिसेल, ते त्या बटाट्याचं १९९६ सालचं मॉडेल, नंतरचं आणि जास्त बारीक ते ईजीएम २००८. आपल्या रोजच्या कामाला कुठलंही चालेल. टिक करा, आकडा साठ-सत्तरने उडी मारून वर गेला की झालं.

आयफोन मुळातच समुद्रसपाटीची उंची देतो म्हणून आयफोनवाल्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही आणि ते उगाच स्वतःला हुशार समजतात. अँड्रॉइडमध्ये सिस्टिम अ‍ॅपला मुळात सालीपासूनची उंची देते आणि बदल करायचं काम अ‍ॅप बनवणाऱ्यावर सोडते, कुणी करतो, कुणी करत नाही. अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची वेगळी द्यायची सोय आली पण ती वापरायची की नाही हेही शेवटी अ‍ॅपवालाच ठरवतो. म्हणून एकाच फोनवर दोन अ‍ॅप्स दोन आकडे दाखवतात.

रिसीव्हर लॅपटॉपला जोडून त्याच्या कच्च्या ओळी बघणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. जीजीए नावाची जी ओळ येते त्यात ओळीचं नाव सोडून स्वल्पविराम मोजत गेलात तर नवव्या रकान्यात समुद्रसपाटीपासूनची उंची असते आणि अकराव्या रकान्यात तो फरक, आपल्याकडे तो उणे सत्तर वगैरे दिसेल. दोन्हींची बेरीज केली की सालीपासूनची उंची. अकराव्यात शून्य दिसत असेल तर समजा रिसीव्हरने बटाट्याचा विचारच केलेला नाही.

"पण एका जागी बसलो तरी आकडा नाचतो की!"

नाचणारच. सेटिंग शंभर टक्के बरोबर केली तरी नाचणार. आणि उंची ही नकाशावरच्या जागेपेक्षा साधारण दीडपट-दुप्पट जास्त नाचते.

कारण सांगतो. रस्सीखेच आठवा. तुमच्या कमरेला चारी बाजूंनी दोर बांधलेत, पूर्वेकडून ओढणारे आहेत तसे पश्चिमेकडूनही आहेत, त्यामुळे कुणी थोडा जास्त जोर लावला तरी समोरचा सांभाळून घेतो आणि तुम्ही जागेवर राहता. पण वर-खाली बघा. उपग्रह सगळे वरच, खालून ओढणारा कुणीच नाही, कारण पायाखाली अख्खी पृथ्वी आडवी आहे. मग वरच्या सगळ्यांनी मिळून थोडी चूक केली, हवेमुळे सिग्नलला उशीर झाला, रिसीव्हरचं घड्याळ किंचित हललं, की ती सगळी चूक उंचीत जाऊन बसते. मोकळ्या मैदानात पाच-दहा मीटर इकडे-तिकडे धरून चाला, कड्याच्या कुशीत किंवा बिल्डिंगच्या गल्लीत त्याहून वाईट. थोडा वेळ थांबून सरासरी घ्या, फरक पडतो.

काही अ‍ॅप्स तर उंची मोजतच नाहीत. ती तुमची नकाशावरची जागा बघतात आणि तिथली उंची तयार तक्त्यातून उचलतात. असे बरेच तक्ते फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवस रडार फिरवून केलेल्या मोजणीवरून आलेत, तीसेक मीटरचा एक चौकोन आणि त्याला एक उंची. सोलापूरच्या माळावर झकास चालतं. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे आहात आणि तुमची जागा वीस मीटर पश्चिमेला सरकली तर तक्त्यानुसार तुम्ही कड्यावरून खाली पडलेले असता, आणि घरी येऊन बघता तर ट्रेकचा एकूण चढ गडाच्या दुप्पट.

घड्याळातला बॅरोमीटर, आणि तो कधी फसवतो

ट्रेकच्या घड्याळांत आणि बऱ्याच हातातल्या रिसीव्हरमध्ये हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो. वर गेलं की दाब कमी होतो, आपल्याकडच्या उंचीला आठ-नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक). हा अगदी बारीक चढही पकडतो, जिन्याचे मजले मोजतो, म्हणून चढ-उतार बघायला तो जीपीएसपेक्षा चांगला. पण त्याला शून्य माहीत नसतो, तो तुम्ही सांगायचा. त्यालाच कॅलिब्रेट करणं म्हणतात.

बहुतेक लोक घरी एकदा कॅलिब्रेट करतात आणि महिनाभर तसंच फिरतात. मग काय होतं, पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला, दाब पाच हेक्टोपास्कल उतरला, की घड्याळ म्हणतं तुम्ही झोपेत चाळीस मीटर चढलात. पावसाळा नसतानाही आपल्या भागात दाबाला रोजची एक लय आहे, सकाळी दहाच्या सुमाराला जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. म्हणजे सकाळी कॅलिब्रेट करून दुपारी त्याच दगडावर परत बसलात तर वीसेक मीटर उंच. मला हे कळायला दोन वर्षं लागली, मी घड्याळाला शिव्या देत होतो.

आणखी एक. या घड्याळांनी गृहीत धरलेली हवा थंड प्रदेशातली आहे, समुद्रकिनारी १५ अंश. आपल्याकडची हवा त्याहून दहा-बारा अंश गरम असते, गरम हवा विरळ, त्यामुळे ८०० मीटरचा चढ चढलात तर घड्याळ तीस-पस्तीस मीटर कमी मोजू शकतं. उपाय एकच, पायथ्याच्या गावात कॅलिब्रेट करा आणि माथ्यावर, जिथे उंची पक्की माहीत आहे तिथे, परत करा.

ऑटो कॅलिब्रेशन चालू ठेवायचं का? चालताना हो. तंबूत रात्रभर मुक्काम असेल तर उंची स्थिर धरायचा मोड असतो तो लावा, म्हणजे दाब बदलला तर तो हवामानाचा बदल समजला जाईल. आणि एक तपासा, घड्याळ ऑटो कॅलिब्रेशनसाठी जीपीएसची कुठली उंची घेतंय, कारण तिथेही सालीपासूनची घेतली असेल तर सत्तर मीटरचा घोळ मागच्या दाराने परत आत.

नाव उंचीचं, काम भलतंच

सेटिंगमध्ये "एलिव्हेशन मास्क" दिसलं की बरेच जण तिथे गावाची उंची टाकायला जातात. थांबा. ते एलिव्हेशन म्हणजे कोन आहे. क्षितिजापासून इतक्या अंशांच्या खालचे उपग्रह धरू नको असं रिसीव्हरला सांगायचं ते ठिकाण, कारण क्षितिजाजवळून येणारा सिग्नल हवेतून तिरका लांबचा प्रवास करून येतो आणि झाडं-भिंतींवर आपटून येतो. दहा ते पंधरा ठेवा आणि विसरून जा. एका पोराने तिथे साठ टाकलेलं मी पाहिलंय, मग दिवसभर "सॅटेलाइट मिळत नाहीत" म्हणून आकाशाकडे बघत बसला होता.

दुसरं म्हणजे टू-डी फिक्स. उपग्रह तीनच मिळाले तर रिसीव्हर उंची मोजू शकत नाही, ती माहीत आहे असं धरून फक्त नकाशावरची जागा काढतो. होडीवरच्या जीपीएसमध्ये म्हणूनच अँटेना पाण्यापासून किती वर आहे ते टाकायची सोय असते, समुद्रावर ते चोख चालतं, कारण होडी समुद्रसपाटीवरच आहे. पण हीच युक्ती घाटमाथ्यावर चालत नाही. उंची सहाशे मीटरने चुकीची धरली तर नकाशावरची जागाही शेकडो मीटर सरकू शकते. जुना सेट कुणाकडून वापरायला घेतलात तर हे आधी बघा.

रोव्हरवाल्यांसाठी, आणि माझी फजिती

आता सांगतो म्हटलेलं. एका गावाच्या नळपाणी योजनेसाठी विहिरीपासून टाकीपर्यंत लेव्हल घ्यायच्या होत्या. रोव्हर सेंटीमीटरमध्ये मोजतो, आम्ही खूश. दिवसभर पॉइंट घेतले, संध्याकाळी जुन्या नकाशातल्या टीबीएमशी, म्हणजे कामापुरत्या बेंचमार्कशी, ताडून बघितलं तर सगळे आरएल, म्हणजे पॉइंटच्या उंच्या, चौसष्ट मीटर कमी. कंट्रोलरमध्ये, म्हणजे रोव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात, जिऑइडची फाइल लावायची राहिली होती, ते माझं काम होतं. ठीक आहे, ऑफिसात बसून दुरुस्त करू म्हटलं आणि एक्सेलमध्ये चौसष्ट वजा केले. उंचीतून फरक वजा करायचा असतो हे पाठ होतं ना. पण आपल्याकडे फरक स्वतःच उणे, उणे वजा म्हणजे अधिक, हे रात्री दहाला डोक्यात आलं नाही. सकाळी साहेबांनी शीट उघडली तर टाकी टेकडीवरून उतरून विहिरीच्या पातळीच्याही खाली, कारण नेमके टाकीकडचे तेवढेच पॉइंट मी दुरुस्त केले होते. साहेब काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

चिन्हाची ही चूक मोठमोठ्यांनी केलीय. जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर लाउफेनबुर्गला ऱ्हाईन नदीवर पूल बांधत होते. जर्मनांची समुद्रसपाटी उत्तर समुद्राची, स्विसांची भूमध्य समुद्राची, दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक. हे दोघांना माहीत होतं, हिशोबातही धरलं होतं, पण उलट चिन्हाने. २००३ मध्ये लक्षात आलं की दोन टोकांत ५४ सेंटीमीटरचा फरक पडतोय.

पोलच्या उंचीचं पण सांगून टाकतो. रोव्हर स्वतःची म्हणजे अँटेनाची उंची मोजतो, जमिनीची नाही. शिंपी मापं घेताना चप्पल काढा म्हणतो तसं आहे ते. पोल दोन मीटरवर लावलाय आणि कंट्रोलरमध्ये १.८ भरलेत तर प्रत्येक पॉइंट वीस सेंटीमीटर वर. ट्रायपॉडवरचा बेस (एका जागी ठेवलेला दुसरा रिसीव्हर) असेल तर टेपने तिरकं मापलंय का सरळ, आणि अँटेनाच्या बुडापर्यंत का खुणेपर्यंत, तेही सेटिंगमध्ये नेमकं तसंच निवडा. ही चूक सत्तर मीटरची नसते म्हणून ती ओरडत नाही, शांतपणे कामात बसून राहते आणि पाइपलाइन टाकल्यावर कळते.

ड्रोनवाल्यांना एवढंच, स्क्रीनवर दिसणारी उंची साधारणपणे उडवलं त्या जागेपासूनची असते, नियमातली १२० मीटरची मर्यादा जमिनीपासूनची, आणि फोटोच्या आत नोंदलेली उंची यातली कुठली आहे ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. डोंगरावरून उडवून दरीत नेलात तर तिन्ही आकडे तीन दिशेला.

"चूक दोन्हीकडे सारखीच ना, मग वजाबाकीत जाते की!"

हा प्रश्न आतेभावाने विचारला आणि प्रश्न चांगला आहे. घराची आणि शेजारच्या चौकाची उंची एकाच अ‍ॅपवर, एकाच सेटिंगने घेतली तर सत्तर दोन्हीकडे सारखेच, वजाबाकी जवळजवळ बरोबर येते. जवळजवळच, कारण बटाट्याला उतार आहे, किलोमीटरला काही सेंटीमीटर. दोन चौकांमधला उतार बघायला हरकत नाही. पण कालव्याचा उतार पाच हजाराला एक असा असतो, म्हणजे किलोमीटरला वीस सेंटीमीटर, तिथे पाच सेंटीमीटर म्हणजे पाव हिस्सा गेला. वीस किलोमीटरच्या पाटाला सालीपासूनच्या उंचीवर विसंबलात तर मीटरभराचा घोळ होऊ शकतो. पाण्याला मोसंबी माहीत नाही, ते जिऑइडप्रमाणेच वाहतं.

आणि ईजीएमचं मॉडेल लावलं म्हणून ते आपल्या नऊ बंदरांच्या समुद्रसपाटीशी तंतोतंत जुळेल असंही नाही, थोडाफार फरक राहतो. म्हणून कामाच्या जागी एका पक्क्या बेंचमार्कवर रोव्हर उभा करून ताडून घ्यायचं, नुसत्या फाइलवर भरवसा ठेवायचा नाही.

भावाने त्याच रात्री सेटिंग बदललं. पाचच मिनिटांत दुसरा स्क्रीनशॉट, ५४९. खाली, "मग आता अलमट्टीचं पाणी येत न्हाई म्हणायचं का?" त्याला म्हटलं, तुझं घर त्या पातळीच्या वर आहे एवढंच या आकड्याने कळलं. नदी वाहती असते तेव्हा तिचं पाणी धरणापासून वरच्या बाजूला चढत जातं, सपाट राहत नाही, ते किती चढतं आणि फुगवटा कुठपर्यंत येतो हा तर खरा वाद आहे आणि तो फोनच्या सेटिंगने सुटणारा नाही. पाऊस लागला की आयर्विनचे फूट बघ.

"म्हंजे परत फूट," तो म्हणाला आणि झोपला.